नवतपातला उपवास

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की आमच्या घरात कूलरची सरबराई सुरू होते. मुलगा जुन्या ताट्या काढून नवं गवत भरतो, सून टाकीत पाणी सोडते आणि नात त्या पहिल्या ओल्या झोताला तोंड लावून बसते. सगळं घर भिजलेल्या गवताच्या वासाने भरून जातं. मला तो वास सोसत नाही. मी मागच्या दाराने अंगणात सटकतो. "बाबा, ऊन लागेल," मुलगा आतून बजावतो. लागू दे. या वयात नवीन काय लागायचं राहिलं आहे? अंगणाच्या कोपऱ्यात फरशी न घातलेला एक तुकडा मी घरच्यांशी भांडून राखून ठेवला आहे. नागपूरच्या या भागात खाली सगळी काळी मातीच आहे, लोकांनी ती सिमेंटखाली दाबून टाकली आहे इतकंच. मे संपत आला की त्या तुकड्याला भेगा पडतात. मी पायरीवर बसून त्या भेगांकडे बघत राहतो, आणि सत्तावन्न सालचा वर्ध्याचा उन्हाळा माझ्या मानगुटीवर येऊन बसतो.

काळ्या मातीचं कौतुक पुष्कळांनी केलं आहे. त्यांनी तिला मे महिन्यात पाहिलेलं नसावं. पावसाळ्यात ती पायातली चप्पल ठेवून घेते, आणि कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या की उन्हात अशी तडकते की शेतातून चालताना बैलाचा पाय अडकून मोडावा. त्या उन्हाळ्यात मी अशा किती भेगांत हात घातला असेल, हिशेब नाही. पालथं पडायचं, गाल मातीला टेकवायचा आणि हात खांद्यापर्यंत आत सोडायचा. वर माती पोळत असायची आणि आत, बोटांच्या टोकांना, गार लागायचं. येणारे-जाणारे थांबून बघायचे. देवळीच्या बाजाराला निघालेल्या एका म्हाताऱ्याने बैलबंडी थांबवून विचारलं होतं, "काय सांडलं जी?" मी म्हटलं, "काई नाई." तो मान हलवत निघून गेला. शिकलेली माणसं बिघडतात हे त्याला माहीत असावं.

वर्धा-देवळी रस्त्याच्या कडेला आमचं केंद्र होतं. हल्ली त्या विषयाला पर्यावरणशास्त्र म्हणतात आणि त्याच्या मोठमोठ्या संस्था असतात. माझी नात अशाच एका संस्थेत शिकते. आम्ही त्याला सफाई, पाणी आणि खत म्हणत होतो. मातीच्या भिंती, कवेलूंचं छप्पर, एका खोलीत परीक्षानळ्या आणि काचेच्या बाटल्या, दुसऱ्या खोलीत चरखे. पहाटे प्रार्थना, मग संडास सफाईची पाळी, मग न्याहारी, मग प्रयोग. जेवणात तिखट नसायचं. आमच्याकडे जन्मलेल्या माणसाने बिनतिखटाची भाजी खाऊन देशसेवा करायची म्हणजे काय, ते ज्याने खाल्ली त्यालाच ठाऊक. मी सुटीत घरून ठेचा आणून पेटीत लपवून ठेवायचो आणि कधीतरी भाकरीला लावून चोरून खायचो. एवढं सोडलं तर मला तिथे कशाचं दुःख नव्हतं. उलट बी.एस्सी. होऊन मी तिथे आनंदानेच गेलो होतो. तिथे कोणी जात विचारत नव्हतं. एकाच पंगतीत जेवायचं, एकाच माठातलं पाणी प्यायचं. मोठ्या घरातले लोक झाडू-टोपलं घेऊन संडास साफ करताना पाहिले, तेव्हा पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं आणि मग रडू आलं होतं.

केंद्राचे प्रमुख आबाजी. मूळचे पुण्याकडचे, परदेशात शिकून आलेले इंजिनियर, मोठी नोकरी सोडून आलेले. गुडघ्यापर्यंतचा पंचा, उघडं अंग, खाली बघून चालायची सवय. त्यांनी आडनाव टाकून दिलं होतं. ते टाकलं आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कोणतं टाकलं आहे तेही सगळ्यांना माहीत होतं. केंद्राचा एक नेम त्यांनीच घालून दिला होता. इथल्या कोणत्याही कामावर कोणाचं नाव लागणार नाही. विहिरीच्या दगडावर नाही, भांड्यावर नाही, छापलेल्या अहवालावर तर नाहीच. अहवालाखाली एवढंच असायचं: केंद्रातील साथी. नाव म्हणजे मनाला चिकटलेला मळ, आणि आपण तर सफाईचंच काम करतो, असं ते म्हणायचे. ढोंग म्हणून नव्हे. ते ढोंगी असते तर माझं सगळं सोपं झालं असतं.

आमच्या घरी नावाची गोष्ट वेगळी होती. माझे बाबा वडनेरचे. त्यांचं नाव गणपत, पण गावात त्यांना कोणी धड गणपत म्हटलेलं मी ऐकलं नाही. मला शाळेत घातलं तेव्हा त्यांनी मास्तरांना एक चांगलं, भरदार नाव सांगितलं होतं. मास्तर म्हणाले, "तुमच्यात एवढं लांब कायले पायजे?" आणि त्यांनी अर्धं तोडून, त्याला एक शेपूट लावून, हाक मारायला सोपं करून लिहिलं. मॅट्रिकच्या वर्षी ते दुरुस्त करून घ्यायला बाबांनी हिंगणघाटच्या कचेरीत किती खेटे घातले, ते मला आठवतं. स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. कागद हातात आल्यावर त्यांनी तो तीन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेतला आणि तिघांनी एकच नाव वाचलं, तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला. आदल्या दसऱ्याला आम्ही दोघं नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलो होतो. त्या गर्दीत बाबा माझा हात घट्ट धरून उभे होते. परतीच्या वाटेवर ते म्हणाले होते, "आता कोनी आपल्याले जुन्या नावानं हाक मारली त वळून पाहाचं नाई." त्यानंतर लगेच, हिवाळ्यात, दीक्षा देणारे गेले आणि आम्ही सगळे पोरके झालो. पण बाबांनी ते वाक्य सोडलं नाही.

माझा प्रयोग अगदी साधा होता. खड्डा संडास विहिरीपासून किती दूर असावा, याचं एक अंतर सरकारी पुस्तकात दिलेलं होतं. आम्ही गावोगाव तेच सांगत फिरायचो. पण लहानपणी मी पाहिलं होतं, की पहिल्या सरी आल्या की आमच्या वस्तीच्या विहिरीला वास मारायचा, आणि मग घरोघर हगवण. आमची विहीर उताराच्या खालच्या अंगाला होती, वरचं गाव जे सोडायचं ते आमच्याकडे यायचं. पण वाहून येण्याआधीच, पाऊस नीट लागायच्याही आधी, वास कुठून येतो? केंद्रात काम करताना एका दुपारी भेगेत हात घातला आणि ते माझ्या डोक्यात आलं. ही माती उन्हाळ्यात सलग नसतेच. तिच्या आत वाटा असतात. पुस्तकातलं अंतर दुसऱ्या कोणत्या तरी, न तडकणाऱ्या मातीसाठी लिहिलेलं होतं.

मग दोन उन्हाळे मी तेच केलं. एका पडीक विहिरीच्या वरच्या अंगाला, कमी-जास्त अंतरावर खड्डे खणले, त्यात मिठाचं पाणी ओतलं आणि विहिरीतलं पाणी काढून तपासत बसलो. विहिरीत मीठ उतरलं की खड्ड्यातलं सगळंच उतरू शकतं, एवढा सरळ हिशेब. पाण्यात सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं आणि रंग विटकरी होतो तो क्षण पकडायचा. हे काम भेगा उघड्या असेपर्यंतच करता येत होतं. पाऊस पडला की माती फुगते, भेगा मिटतात, आणि इथे कधी काही फाटलं होतं असं सांगूनही कोणाला पटत नाही. त्यात पाण्याची टंचाई. गावच्या बाया डोक्यावर पाण्याचे गुंड घेऊन कोसभर चालत असताना मी मातीत पाणी ओतत होतो. एक बाई एकदा थांबली आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली. ती काही बोलली असती तर बरं वाटलं असतं. मी त्या दोन उन्हाळ्यांत अंघोळीचं पाणी प्रयोगाला दिलं आणि ओल्या फडक्याने अंग पुसून दिवस काढले. शेवटी ज्या दिवशी लांबच्या खड्ड्यातलं मीठ विहिरीत सापडलं, त्या दिवशी मी एकटाच त्या खोलीत नळी हातात धरून उभा होतो. जे अंतर सगळे सुरक्षित समजत होते, ते सुरक्षित नव्हतं. वडनेरच्या विहिरीचं कोडं मी सोडवलं होतं. इतका आनंद मला पुढे लग्नात झाला नाही, हे आमच्या घरातल्यांना सांगू नये.

नात परवा तिच्या संस्थेतून पाण्याची एक बाटली घेऊन आली होती. बाटलीवर चिठ्ठी. तारीख, जागा, आणि खाली तिचं नाव, आडनावासकट. मी विचारलं, "हे कोणी लिहायला सांगितलं?" ती म्हणाली, "आजोबा, नमुना ज्याने घेतला त्याचं नाव लिहावंच लागतं, नाही तर तो नमुना धरतच नाहीत." मी ती बाटली हातात घेऊन बराच वेळ बसलो. तिला वाटलं मी पाणी बघतो आहे.

त्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, आणि तिकडच्या सरकारी मंडळींनी केंद्राच्या कामाला मान्यता द्यायचं ठरवलं. नवं अंतर सगळीकडे लागू होणार होतं, त्यासाठी अहवाल छापून हवा होता. आणि नागपुरातल्या माझ्या जुन्या प्राध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, की एका मोठ्या प्रयोगशाळेत संशोधनाची जागा आहे, तुझं काम मी त्यांना सांगितलं आहे. "पण तुझं नाव असलेला छापील अहवाल पाहिजे. केंद्रातील साथी म्हणून कोणाला घेता येत नाही." एवढंच होतं. वर्ध्याच्या छापखान्यात अहवालाचे खिळे जुळत होते आणि पहिल्या पानावर एक ओळ वाढवायची होती. माझं सगळं आयुष्य त्या एका ओळीवर येऊन थांबलं होतं.

मी आबाजींकडे गेलो. ते ओसरीवर टकळीवर सूत काढत बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ते ऐकत होते, सूत निघत होतं.

"तुला मोठं व्हायचं आहे का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"मला नाव पाहिजे आहे, आबाजी. काम मी केलं आहे."

"विहिरीचं पाणी सगळ्यांनी काढलं. खड्डे सगळ्यांनी खणले."

"हो. पण विचार माझा होता. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले. खोटं त्यांना बोलताच येत नव्हतं. "म्हणूनच सांगतो, ते सोडून दे. मी सोडलं, माझं काही अडलं नाही. नाव सुटलं की माणूस हलका होतो."

तेव्हा मी जे बोललो ते आधी ठरवून बोललो नव्हतो. मी म्हणालो, "तुम्ही नाव सोडलंत तरी लोक तुम्हाला ओळखतात, आबाजी. मी सोडलं तर माझ्याकडे जे उरतं, ते मला नको आहे. मला एकदा मिळू द्या. मग मीही सोडून देईन." टकळी थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग असता तर मी भांडलो असतो. तिथे दुःख होतं, आणि ते माझ्याबद्दलचं दुःख होतं.

संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांनी सांगितलं, की आपल्या सहवासात राहूनही एका साथ्याच्या मनात नावाची लालसा शिल्लक राहिली, हा आपलाच दोष आहे. आपली तपश्चर्या कमी पडली. म्हणून उद्यापासून आपण अन्न घेणार नाही, त्या साथ्याचं मन निर्मळ होईपर्यंत. कोण साथी ते त्यांनी सांगितलं नाही. माझं नाव त्यांनी तिथेही घेतलं नाही. पण सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

उपवासाचा पहिला दिवस नवतपाचाही पहिला दिवस होता. ज्या उन्हात धट्टीकट्टी माणसं खिशात कांदा ठेवून बाहेर पडतात, त्या उन्हात एक म्हातारा माणूस निंबाखाली खाटेवर उपाशी पडून राहिला. त्यांच्या कपाळावर ओलं फडकं असायचं. वारा असा यायचा की फडकं पाहता पाहता वाळून जायचं. दिवस चढेल तशी माणसं जमू लागली. देवळीहून, वर्ध्याहून, बंड्या भरून बाया-माणसं यायची, लांबूनच हात जोडायची आणि हळूच एकमेकांना विचारायची, "थो कोन होय?" मग कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवायचं. मी प्रयोगशाळेच्या खोलीत बसून राहायचो. कवेलू तापून खोलीची भट्टी झालेली असायची. मी बाटल्या धुवायचो, धुतलेल्या पुन्हा धुवायचो. भूक मला लागायची, आणि लागली म्हणून लाज वाटायची. पंगतीत मी गेलो की बोलणं बंद व्हायचं. मी चार घास पोटात ढकलायचो आणि उठायचो. म्हाताऱ्याचा जीव जातो आहे आणि हा गिळतो आहे, असं कोणी तोंडाने म्हणालं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

मी हताश झालो होतो, हे सरळच लिहितो. मी कोणाला मारलं नव्हतं, कोणाचं काही चोरलं नव्हतं. माझ्याच कामावर माझं नाव मागितलं होतं. आणि तरी मीच खुनी ठरत होतो. समोरच्याने काठी उगारली तर हात धरता येतो. समोरचा माणूस तुमच्यासाठी म्हणून स्वतः मरायला निघाला, तर काय धरायचं? आमच्या लोकांना हे हत्यार नवीन नव्हतं. आमच्या स्वतंत्र मतदारसंघांच्या मागणीपुढे पंचवीस वर्षांपूर्वीही कोणीतरी उपाशी बसलं होतं, आणि तेव्हाही आम्हालाच हात जोडावे लागले होते. हे मी जाणत होतो, आणि जाणून काही उपयोग होत नव्हता. पहाटे उठून मी भेगांकडे जायचो. आभाळ कोरडं ठाक. त्या मातीवर पालथा पडून मी एकदा आत तोंड घालून ओरडलोही होतो. माझं स्वतःचं पूर्ण नाव ओरडलो होतो. आज हे सांगताना हसू येतं. तेव्हा घसा फुटला होता.

केंद्राचा स्वयंपाक बघणाऱ्या शांताताई देवळीच्या. मायाळू बाई, माझ्या पेटीतला ठेचा त्यांना माहीत होता आणि त्यांनी कधी सांगितला नव्हता. त्या एका दुपारी दारात येऊन उभ्या राहिल्या. "एका नावापायी म्हातारा माराल का जी?" त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं.

"ताई, मी काय करून राह्यलो? मी त्यायले उपाशी राहा म्हटलं काय?"

"तुमी नाई म्हटलं. पन सोडनं तुमच्याच हाती हाये ना."

डॉक्टर वर्ध्याहून येऊन नाडी पाहून गेले. बाहेर येऊन त्यांनी नुसती मान हलवली. त्या दिवशी कोणीतरी वडनेरला माणूस पाठवला आणि बाबांना आणवलं. मुलाला बापाने समजवावं, ही साधी अपेक्षा. बाबा मोटारीतून उतरून रस्त्यावरून चालत आले, डोक्याला शेला गुंडाळलेला, पाय धुळीने पांढरे. माझ्याकडे न येता ते सरळ निंबाखाली गेले. त्यांना कोणी अडवलं नाही. ते खाटेजवळ जमिनीवर बसले. मी मागे उभा होतो.

"आबाजी, जेवून घ्या जी," ते म्हणाले. "पोट्टं नाव मांगून राह्यलं. तुमची भाकर नाई मांगून राह्यलं."

आबाजींनी डोळे उघडले. आवाज फार खोल गेला होता. "गणपतराव, मी त्याच्यावर रागावलेलो नाही. हे माझ्या शुद्धीसाठी आहे."

"थे समजलं जी. पन तुमी उपाशी राह्यले त चार गावचे लोक इचाराले आले. आमी जलमभर उपाशी राह्यलो, आमाले कोनी इचाराले नाई आलं."

जमलेल्या माणसांत कुजबुज झाली. आबाजींच्या डोळ्याच्या कडेतून पाणी ओघळलं आणि कानाकडे गेलं. मला क्षणभर वाटलं, आता ते उठून बसतील. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला, कपाळाला लावला आणि डोळे मिटले. उपवास काही त्यांनी सोडला नाही. बाबांना गणपतराव म्हणणारा तो पहिला माणूस होता, हेही मला इथे सांगितलंच पाहिजे.

बाबा मला घेऊन विहिरीमागच्या चिंचेखाली आले. तिथे कोणी नव्हतं. ते म्हणाले, "सोडून दे."

"बाबा, तुमी बी?"

"मी काई थ्या बुढ्यासाठी नाई म्हनत. थो मेला त काय होईन, थे सांग. आपली घरं कोठी हायेत? गावाच्या भायेर. सारे गवताचे छप्पर. आपली मानसं थोडकी. थो मेला त लोक तुयं नाव घेऊन येतीन. तवा बराबर पुरं घेतीन."

त्यांनी खाली वाकून मातीचं एक ढेकूळ उचललं आणि चुरगळत राहिले. "मले काय नाई पाह्यजे होतं काय तुयं नाव?" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. मी माझ्या बाबांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या हिवाळ्यात आम्ही पोरके झालो तेव्हासुद्धा ते सगळ्यांना धीर देत होते.

त्याच संध्याकाळी मी आबाजींना सांगितलं, की मला नाव नको. निर्मळ झालं का माझं मन? ते कसं होणार होतं? पण त्यांना खरंच वाटलं, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. त्यांनी सांगितलं, सरबत याच्याच हातून घेईन. लिंबाचं सरबत करून शांताताईंनी पेला माझ्या हातात दिला. वर्ध्याहून कोणी वार्ताहर आला होता, तो पुढे सरकला. मी गुडघ्यावर बसून पेला त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी घोट घेतला आणि हात माझ्या डोक्यावर ठेवला. लोकांनी जयजयकार केला, बाया डोळे पुसत होत्या. पेला कलला होता आणि सरबत त्यांच्या छातीवर सांडत होतं. मला त्यांच्यावर प्रेम होतं, आणि त्या क्षणी मला ते प्रेम उपटून फेकून द्यायचं होतं.

अहवाल छापून आला. सरकारी मंडळी आली, केंद्राला मान्यता मिळाली, नवं अंतर गावोगाव लागू झालं. वडनेरची विहीरसुद्धा पुढे त्या हिशेबाने खणली गेली, आणि तिच्या पाण्याला पहिल्या सरीनंतर वास येत नाही. हे मी नाकारत नाही. प्राध्यापकांची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. मी पुढे पाणीपुरवठ्याच्या खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. त्या वेळी मात्र मी पेटी उचलून घरी गेलो होतो. निघायच्या दिवशीच पाऊस आला आणि माझ्या पायाखालची माती मिटायला लागली.

घरी पोचून थोडेच दिवस झाले होते. बाबा हिंगणघाटला गेले होते, ते तिथून भिजत परत आले. अंगातल्या बंडीच्या आत, कोरड्या शेल्यात गुंडाळून त्यांनी एक वर्तमानपत्र आणलं होतं, मागच्या आठवड्यातलं. दारात पाय धुवून, हात पुसून ते माझ्यासमोर बसले. "मोटार अड्ड्यावर सांगतलं कोनीतरी, आबाजीची बातमी आली म्हने. तुयं नाव बी आलं अशीन त्यात. वाच."

बातमी आतल्या पानावर, लहानशी होती. मी वाचली. आबाजींचा उपवास सुखरूप समाप्त झाला. एका हरिजन कार्यकर्त्याच्या हातून लिंबाचे सरबत घेऊन त्यांनी उपवास सोडला. उपस्थितांचे डोळे पाणावले.

बाबा वाट बघत होते. मी पुढे काही वाचत नाही हे पाहून म्हणाले, "थो कार्यकर्ता कोन?"

"मीच, बाबा."

"अन् थो शब्द? आपन त नागपूरले जाऊन आलतो ना?"

"आलतो."

"मंग यायले कोनी सांगतलं नाई काय?" मी कागदाची घडी घालायला लागलो. ते म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. "कोन्ता शब्द होय थो? बोट ठेव त्याच्यावर."

मी बोट ठेवलं. त्यांनी ते बाजूला केलं, आपला अंगठा जिभेला लावला आणि त्या शब्दावर घासू लागले. सावकाश, जोर न लावता, कपड्यावरचा डाग काढतात तसं. शाई पसरली, मग कागदाची साल निघाली, मग तिथे भोक पडलं. त्यांनी कागद दाराकडे धरून पाहिला. शब्द गेला होता. मग तो माझ्या हातात दिला.

"आता लिव तुयं नाव तेथी," ते म्हणाले. "पुरं लिवजो."

मी खिशातला पेन काढला. टोपण उघडलं. कागद डाव्या हातात धरला होता, आणि जिथे लिहायचं होतं त्या भोकातून मला माझा अंगठा दिसत होता. बाबा माझ्या हाताकडे बघत बसले होते.